इथे, इथे आणि इथे

सोसायटीत तिला तोंडावर मॅडम म्हणत आणि पाठीमागे ग्रीकबाई. दुसऱ्या मजल्यावरच्या तिच्या पुढच्या खोलीत चपलांच्या कपाटावर टेकवलेला पांढरा फळा होता, एक घडीचं टेबल होतं आणि सहा प्लास्टिकच्या खुर्च्या. तिकडे नोकरीला निघालेली माणसं संध्याकाळी सहा ते साडेसात तिथे बसून ग्रीक शिकत. एक वेल्डर होता, एक नर्स, हॉटेलात भांडी घासायला निघालेला पण स्वतःला शेफ म्हणवणारा एक जण. पहिल्या दिवशी फळ्यावरची अक्षरं बघून वेल्डर म्हणाला होता, "मॅडम, हे तर दहावीचे त्रिकोण! तेव्हा ह्या थीटाने मला नापास केलं. आता हाच पोटाला घालणार होय?"

एवढ्या भाषा सोडून ग्रीकच कशी, असं कुणी विचारलं की ती म्हणायची, आवड. आवड कसली? खुन्नस होती.

साडेपाच वर्षांपूर्वी तिकडच्या एका वकिलाच्या कार्यालयात ती बसली होती. मांडीवर चार महिन्यांचं बाळ, बाळाला ताप, आणि शेजारी नवरा. "पाळणाघराचे कागद आहेत, घाबरू नकोस. पटापट कर, बाळाला घरी न्यायचंय," असं तो म्हणाला होता. टेबलापलीकडची लाल नखांची बाई पानं उलटत होती आणि प्रत्येक पानावर नख टेकवून म्हणत होती, "एदो." म्हणजे इथे. तेवढा एकच शब्द तिला कळत होता, आणि कळतोय म्हणून तिला जरा बरंही वाटत होतं. अकरा पानं, अकरा वेळा एदो, अकरा सह्या. आठवड्याभरात नवऱ्याने तिला बाळासकट माहेरी पाठवलं. दोन महिने आराम कर म्हणाला. दोन महिने झाले तरी परतीचं तिकीट काही आलं नाही. आली ती त्या अकरा पानांची प्रत. दोघांच्या संमतीने काडीमोड.

बी.एस्सी. झालेली बाई. केमिस्ट्रीत पहिला वर्ग. प्रयोगशाळेत बाटलीवरची चिठ्ठी वाचल्याशिवाय झाकण न उघडणारी. तिने बाळाला पायावर घालून झोपवता झोपवता एका हातात शब्दकोश धरला आणि ती अकरा पानं वाचायला घेतली. पहिला शब्द शिकली, इपोग्राफी. सही. सगळा कागद वाचून व्हायला आठ महिने लागले, आणि वाचून झाला तेव्हा पहिल्या परीक्षेपुरतं ग्रीक तिला आपोआप येत होतं. पुढच्या तिन्ही परीक्षा ती रागाच्या भरात पास झाली.

तर अशा ह्या क्लासात एका सोमवारी लॅबवाली आली. रक्त तपासणीच्या लॅबमध्ये टेक्निशियन, वय सव्वीस, बोलायला लागली की थांबायचं नाव नाही. बोटांना स्पिरिटचा वास. दोन महिन्यांपूर्वी नोंदणी लग्न झालेलं. नवरा बारा दिवस आला, सह्या केल्या, हार घातले आणि परत तिकडे गेला. आता व्हिसा आला की हीसुद्धा जाणार.

"ह्यांना माहीत नाहीये हं मी शिकतेय ते," ती पहिल्याच दिवशी म्हणाली. "ते म्हणतात, कशाला डोक्याला ताप, मी आहे ना. सगळं मीच बघतो. पण मी विमानतळावर उतरणार आणि फाडफाड ग्रीक बोलणार. तोंड बघायचंय मला त्यांचं."

"वा," ग्रीकबाई म्हणाली. चांगली विद्यार्थिनी मिळाली म्हणून तिला खरंच बरं वाटलं होतं.

चौथ्या आठवड्यात एकदा क्लास सुटल्यावर लॅबवाली बसची वाट बघत तिथेच रेंगाळली. फोनवर आलेला आवाजी निरोप तिने मोठ्याने लावला. "जेवलीस का? कागद पाठवतोय एक-दोन, फॉर्मॅलिटी आहेत, घाबरू नकोस."

ग्रीकबाई फळा पुसत होती. तिचा हात थांबला. "घाबरू नकोस"मधला तो लाडिक हेल. मांडीवर तापलेलं बाळ घेऊन बसलेली असताना तिने ऐकलेला.

"तुझ्या मिस्टरांचं पहिलंच लग्न का हे?" फळ्याकडे तोंड करूनच तिने विचारलं.

"नाही ना. पहिली होती एक. तुम्हाला म्हणून सांगते मॅडम, जरा सटकलेली होती म्हणे. तिकडे रमली नाही, एक दिवस मूल उचललं आणि पळून आली. सासूबाई तर प्रत्येक लग्नकार्यात सांगतात, आमची सून पळाली म्हणून. ह्यांनी किती समजावलं! शेवटी तिनेच फारकत मागितली, आणि हसत हसत सह्या केल्या. पोरीचं तोंड नाही बघितलं हो ह्यांनी तेव्हापासून. सांगताना डोळे भरून येतात त्यांचे."

"हसत हसत?"

"असं म्हणतात बाई."

ग्रीकबाईने तिला प्यायला पाणी आणून दिलं.

लॅबवाली गेल्यावर तिने स्वयंपाकघरात जाऊन आईला सांगितलं. आई भाजी निवडत होती. तिने निवडलेलं आणि न निवडलेलं एकत्र करून टाकलं.

"काढून टाक तिला क्लासातून."

"का? तिने काय केलंय?"

"मग सांगून टाक सगळं. बिचारी पोर."

"बिचारी?" ग्रीकबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझ्या खोलीत, माझ्या खुर्चीवर बसून मला सटकलेली म्हणून गेली ती. आणि मी तिला पाणी दिलं."

"तिला कुठे माहितीय गं."

"होईल माहीत. माझ्या सवडीने."

खरं सांगायचं तर तेव्हा तिला त्या पोरीची दया बिया काही आली नव्हती. तिला एवढंच दिसत होतं की इतकी वर्षं ज्याच्या नावाने दातओठ खाल्ले, त्याच्या घराची किल्ली आपण होऊन चालत आपल्या दारात आली आहे.

पहिला डाव तिने पुढच्याच आठवड्यात टाकला. नवऱ्याच्या कंपनीत दरवर्षी मोठी मेजवानी असते, बायकांनी दोन शब्द बोलायचे असतात, हे तिला ठाऊक होतं. तिने लॅबवालीला एक छान लयीतलं वाक्य शिकवलं. वडीलधाऱ्यांना आणि साहेबलोकांना म्हणायचं, हात छातीवर ठेवून, मान जरा झुकवून. त्या वाक्याचा अर्थ इथे लिहिण्यासारखा नाही. बंदरावरचे हमालसुद्धा आजूबाजूला बघून मगच तसं बोलतात. लॅबवालीने ते दहा वेळा घोकलं. "काय गोड आहे हो मॅडम! गाण्यासारखं वाटतं." त्या दिवशी ग्रीकबाईला बऱ्याच वर्षांनी जेवण गोड लागलं.

पण तिसऱ्या दिवशी सकाळी तिची सहा वर्षांची लेक शाळेच्या गणवेशात स्वयंपाकघरातल्या स्टुलावर चढली, हात छातीवर ठेवला, मान झुकवली आणि आजीसमोर ते वाक्य अख्खंच्या अख्खं म्हणाली. एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

"अगंबाई, किती गोड!" आजीने कडाकडा बोटं मोडून दृष्ट काढली. "काय म्हणतेय गं ही?"

"नमस्कार म्हणतेय," ग्रीकबाई कशीबशी म्हणाली. पोर रोज टेबलाखाली चित्रं रंगवत बसते हे ती विसरली नव्हती, पण पोरीला कान आहेत हे विसरली होती. शाळेत बाईंना म्हणेल का? उद्या मोठी झाली, शिकली, आणि आईने काय शिकवलं ते तिला कळलं तर? शाळेच्या फाटकापर्यंत ती लेकीचा हात घट्ट धरून चालली आणि तिसऱ्यांदा बजावलं, "ते विसरायचं हं. ते जुनं झालं." आणि परत येताना तिच्या लक्षात आलं की त्या वाक्याने त्याचं काय बिघडणार होतं? हसले असते लोक. ते त्या पोरीला हसले असते, आणि तो मात्र "बायको नवीन आहे हो, अडाणी आहे" म्हणून मोकळा झाला असता. तिच्या वेळीही तो हेच म्हणायचा.

तेव्हा तिने बेत बदलला. शिकवायचं. त्या पोरीला इतकं शिकवायचं, इतकं शिकवायचं, की त्याच्या घरात त्याला एक कागद लपवता येऊ नये.

लॅबवालीला जादा तास मिळू लागले. वीजबिल, भाडेकरार, दवाखान्याचा केसपेपर, नोकरीचं पत्र. शनिवारी कागदाचा तास असे, ज्याला तिकडून जो कागद आला असेल तो त्याने आणायचा आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचा. ग्रीकबाईचा एकच नियम होता. "मी सांगणार नाही काय लिहिलंय. तू मला सांगायचं."

"मॅडम, तुम्ही माझ्यावर जरा जास्तच मेहनत घेताय," लॅबवाली एकदा म्हणाली.

"घेणारच," ग्रीकबाई म्हणाली. "तुझ्याकडून मला खूप आशा आहेत."

अकराव्या आठवड्यातल्या शनिवारी लॅबवाली दोन पानांचा कागद घेऊन आली. "ह्यांनी पाठवलाय. गुरुवारपर्यंत सही करून पाठव म्हणालेत. व्हिसाची फॉर्मॅलिटी. मी म्हटलं, सही काय, वाचूनच दाखवते."

ती वाचायला लागली. नाव, पत्ता, पासपोर्टचा नंबर, हे तिने धडाधड ओलांडलं. मी माझ्या पतीला माझ्या वतीने अमुक कार्यालयात जाण्याचा अधिकार देते. तमुक कार्यालयात जाण्याचा देते. चौथ्या परिच्छेदाशी ती अडखळली.

"गामोस म्हणजे लग्न. लग्नाची... लिसी. लिसी म्हणजे गणिताचं उत्तर ना मॅडम?"

"लग्नाला उत्तर असतं?" वेल्डरने मागून विचारलं. "मग आमच्या हिला पण सांगा."

शेफ खिदळला. ग्रीकबाई हसली नाही. "गणित सुटतं तसं लग्न सुटतं. पुढे वाच."

लॅबवाली बोट ठेवून वाचू लागली. दुसऱ्यांदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना ती एकेक शब्द मराठीत सांगत गेली. "माझ्या गैरहजेरीत... कुठल्याही अधिकाऱ्यासमोर... माझ्या वतीने लग्न मोडायला संमती..." तिने मान वर केली. "मॅडम, मी चुकीचं वाचतेय का?"

"नाही. बरोबर वाचतेयस."

नर्सने पिशवी उचलली, वेल्डरने शेफला कोपराने ढोसलं, आणि खोली रिकामी झाली.

"अजून मी तिकडे पाऊलसुद्धा नाही टाकलं," लॅबवाली म्हणाली. "कशासाठी मागतात असं?"

"हाताशी असावं म्हणून. घर बांधायच्या आधी पळवाट खणणारा माणूस आहे तो."

"तुम्हाला काय माहीत ते कसे आहेत?"

ग्रीकबाईने हा क्षण मनात शंभर वेळा रंगवला होता. प्रत्यक्षात तिला नुसतं खाली बसावंसं वाटलं, म्हणून ती बसली. "ती सटकलेली ना, ती मी. टेबलाखाली चित्रं काढते ना, ती त्याची पोर. आणि मी हसत हसत सह्या नव्हत्या केल्या. पाळणाघराचे कागद म्हणून केल्या होत्या."

लॅबवालीने कागदाची बारीक घडी घातली.

"दोन महिने," ती म्हणाली. "दोन महिने तुम्हाला माहीत होतं, आणि मला वीजबिलं वाचायला लावत होतात?"

"सांगितलं असतं तर विश्वास ठेवला असतास? तू त्याचे भरलेले डोळे बघितले होतेस."

"नसता ठेवला." तिने नाक ओढलं. "अजून काही आहे का सांगायचं? एकदाच सांगून टाका."

ग्रीकबाईने मग त्या मेजवानीच्या वाक्याचा अर्थही सांगितला. लॅबवालीचे डोळे विस्फारले. "मॅडम! मी ते सासूबाई-सासऱ्यांना म्हणून दाखवलंय! वाकून! ह्यांनी फोनवर शिकवलं म्हणून सांगितलं मी. सासऱ्यांनी साडीचोळी दिली मला!"

आधी लॅबवालीला हसू फुटलं, मग ग्रीकबाईला. आतून आई बघून गेली, काय झालं म्हणून.

हसणं ओसरलं तशी लॅबवाली त्या कागदाकडे बघत म्हणाली, "वाचायला येतं का हो त्यांना?"

ग्रीकबाईने चमकून तिच्याकडे पाहिलं. पोर हुशार होती. तिकडे आठ वर्षं काढलेला तो माणूस, बोलायला लागला की दुकानदारसुद्धा मान डोलवत. पण वाचायचं म्हटलं की चष्मा विसरला असायचा. घरी येणारा प्रत्येक कागद तो कंपनीतल्या कारकून बाईकडे न्यायचा. हे फक्त बायकोलाच ठाऊक असणार.

"बोलतो पोपटासारखा. वाचत नाही."

"मग मीही एक फॉर्मॅलिटी पाठवते," लॅबवाली म्हणाली. "तुम्ही सांगा, मी लिहिते. चुका तेवढ्या काढा."

तीन संध्याकाळी बसून त्यांनी तो कागद लिहिला. मी अमुक अमुक, शुद्धीवर असताना लिहून देतो की माझ्या पहिल्या पत्नीला मी स्वतः तिकीट काढून माहेरी पाठवलं. ती पळून गेली नाही. फारकतीच्या कागदावर मी तिची सही पाळणाघराचं कारण सांगून घेतली. मुलीला भेटण्यासाठी मी एकदाही प्रयत्न केला नाही. ग्रीकबाईला आणखी बरंच घालायचं होतं, तो झोपेत कसा दात खातो तेसुद्धा. लॅबवालीने खोडलं. "नमुन्यात भलतंसलतं मिसळलं की रिपोर्ट चुकतो, मॅडम. खरं तेवढंच ठेवा." एकाही शब्दात खोटं नव्हतं. तीन पानं झाली, प्रत्येक पानाखाली रेघ आणि रेघेखाली शब्द, इपोग्राफी.

लॅबवालीने निरोप पाठवला, तोही लाडिक हेल काढून. "अहो, इथल्या व्हिसावाल्याने तुमच्या सहीचा हा कागद मागितलाय. तिन्ही पानांवर हवी हं. तुमची आली की माझीही लगेच पाठवते. मला मेलीला काही कळत नाही त्यातलं."

मग चार दिवस ग्रीकबाईला अन्न गेलं नाही. कारकून बाईने वाचलं तर? ती रजेवर असू दे, तिच्या पोराला दात येऊ देत, ताप नको पण दात येऊ देत, असलं काहीबाही ती मागत राहिली. वर्गात तिने नर्सला चुकीचा काळ शिकवला. भाताला मीठ दोनदा पडलं.

पाचव्या दिवशी दुपारी लॅबवाली ऍप्रनवरच धावत जिने चढून आली. फोनच्या पडद्यावर तीन पानं होती आणि तीन सह्या. खाली निरोप होता. "झालं ना आता? तुझी पाठव लवकर. मूळ प्रत कुरियरने टाकलीय."

ग्रीकबाईने बोटाने पडदा सरकवला. इथे. इथे. आणि इथे. तीच वळणदार, घाईची, शेपटी ओढलेली सही.

मूळ प्रत हातात पडल्यावर दोघी मिळून त्याच्या आईवडिलांकडे गेल्या. ग्रीकबाईला लॅबवालीच्या मागे उभी बघून सासूबाई दारातच म्हणाल्या, "ही कशाला आलीय इथे?" सोफा तोच होता, वर घातलेलं कापड नवीन. ती सोफ्यावर बसली नाही.

"बाबा, ह्यांनी एक कागद लिहून दिलाय," लॅबवाली म्हणाली. "मी मराठीत उतरवलाय. ही मूळ प्रत, ही ह्यांची सही. तुम्हीच वाचा, मोठ्याने."

सासरे निवृत्त मुख्याध्यापक. मोठ्याने वाच म्हटलं की न वाचणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी खणखणीत आवाजात सुरुवात केली आणि "ती पळून गेली नाही" ह्या वाक्याशी आवाज खाली आला. तरी त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. सासूबाई मधेच उठून खिडकी लावून आल्या. शेजारी ऐकतील म्हणून.

"खोटं आहे," त्या म्हणाल्या. "हिनेच लिहिलंय सगळं."

"शब्द मी लिहिले आहेत," लॅबवाली म्हणाली. "कागद खोटा आहे, एवढं त्यांना म्हणायला सांगा. लावा फोन."

सासऱ्यांनी फोन लावला आणि आवाज मोठा केला. पहिलं वाक्य ऐकूनच पलीकडून ओरडा सुरू झाला. "बाबा, मला काय माहीत त्यात काय होतं! मी वाचलंच नव्हतं ते!"

"वाचलं नव्हतंस?" मुख्याध्यापकांनी विचारलं. "मग सही कशाला केलीस, गाढवा?"

ग्रीकबाई भिंतीला टेकून उभी होती. तिला वाटलं होतं, हे ऐकलं की मन निवेल. कसलं निवतंय? फोन बंद होऊ नये, म्हाताऱ्याने आणखी विचारावं, पुन्हा पुन्हा विचारावं, असंच तिला वाटत राहिलं.

"खोटं आहे का त्यातलं काही? ते सांग," सासरे म्हणाले.

"तुम्हाला तिकडची परिस्थिती माहीत नाही बाबा..."

सासऱ्यांनी फोन ठेवून दिला. सासूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या. ग्रीकबाईकडे न बघता त्या म्हणाल्या, "नातीला एकदा घेऊन ये गं. कुणावर गेलीय ती?"

पाच वर्षं प्रत्येक मांडवात तिला पळपुटी म्हणणारी बाई. ग्रीकबाईने चपलेत पाय सरकवला.

"अर्ज करा," ती म्हणाली. "लेखी. मी सावकाश वाचून बघेन."

जिना उतरताना लॅबवाली तिच्या दोन पायऱ्या पुढे होती. खालच्या वळणावर ती थांबली. "उद्या वकिलाकडे जाते मी. पण परीक्षा मी देणार हं मॅडम. तिकडच्या एका लॅबने माझ्या नोकरीच्या अर्जाला उत्तर पाठवलंय, माझ्या नावावर. सोमवारी येऊ ना?"

"पाच वाजता ये," ग्रीकबाई म्हणाली. "सहाच्या आधी. तुझा भूतकाळ अजून कच्चा आहे."

रस्त्यावर आल्यावर तिला जाणवलं की तिला कडकडून भूक लागली आहे, आणि लेकीची शाळा सुटायला अजून वीस मिनिटं आहेत.